एम.एस्सी. करून यूकेत फार्मासिस्ट होता येत नाही

प्रश्न: मॅडम, मी तासगाव तालुक्यातली. २०२१ ला बी.फार्म. झाले, पदवी शिवाजी विद्यापीठाची. सांगलीत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत तीन वर्षं काम करतेय, पगार अठरा हजार. माझं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट गावी चुलतभावाच्या मेडिकलला लावलंय, त्याचे महिन्याला चार हजार मिळतात. मला बाहेर जाऊन फार्मासिस्ट म्हणूनच काम करायचंय. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं यूकेत एम.एस्सी. फार्मास्युटिकल सायन्स सुचवलंय. सगळा खर्च धरून २४ लाख सांगितले. कोर्स झाला की व्हिसा मिळतो आणि तेवढ्यात नोकरी लागते, असं ते म्हणतात. वडील द्राक्षबागेतले वीस गुंठे विकायला तयार आहेत. शारजाचा मामा म्हणतो, एवढा खर्च कशाला, व्हिजिट व्हिसावर ये, इथं बघू. आई म्हणते, आधी लग्न कर आणि मग कुठं जायचं तिथं जा. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बोलायची भीती वाटते. नोकरी सोडून पूर्णवेळ तयारीला लागू का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर:

बाग विकू नका, एवढं वडिलांना आजच सांग. बाकीचं उत्तर रविवारी सावकाश वाचलंस तरी चालेल.

कन्सल्टन्सीनं तुला सांगितलं त्यात धडधडीत खोटं कदाचित काहीच नसेल. तो कोर्स आहे, चांगल्या विद्यापीठांत आहे, आणि तो झाल्यावर काम शोधायला व्हिसाही मिळतो. त्या कोर्सनं तिथं फार्मासिस्ट होता येत नाही, एवढीच गोष्ट बोलण्यातून गळली. आपल्याकडं तरी काय आहे? बी.फार्म.ची पदवी फ्रेम करून भिंतीला लावली, तरी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असल्याशिवाय तुला काउंटरला उभं राहून प्रिस्क्रिप्शनवरचं औषध देता येत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं तसं ठरवलंय. तिकडंही तसंच आहे, कौन्सिल तेवढी वेगळी. तिचं नाव जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल, सगळे जीपीएचसी म्हणतात.

भारतात शिकलेल्यांसाठी या जीपीएचसीनं वाट आखून दिलीय. आधी ओस्पॅप, म्हणजे परदेशी फार्मासिस्टांसाठीचा एक वर्षाचा पदव्युत्तर कोर्स. तो कुठल्याही विद्यापीठात नसतो, जीपीएचसीनं मान्यता दिलेल्या मोजक्याच ठिकाणी असतो. त्यानंतर ५२ आठवडे देखरेखीखाली प्रशिक्षण, आणि त्याची जागा तिथल्याच मुलांशी स्पर्धा करून मिळवायची. मग नोंदणीची परीक्षा. एका पेपरात नुसती गणितं, ४० प्रश्न. दुसऱ्यात उपचारांवरचे १२० प्रश्न. प्रयत्न तीनच. एम.एस्सी. या वाटेवर कुठंच येत नाही. २४ लाख घालून ती पूर्ण केलीस, तरी फार्मासिस्ट व्हायचं म्हटलं की ओस्पॅपची फी पुन्हा पहिल्यापासून भरायची.

एम.एस्सी. वाईट नाही हं. ज्याला फॉर्म्युलेशन, क्वालिटी किंवा संशोधनात जायचंय त्यानं जरूर करावी. पण तू पत्रात 'फार्मासिस्ट म्हणूनच' असं लिहिलंयस, आणि त्या 'च'वर माझं सगळं उत्तर उभं आहे. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं एम.एस्सी.च्या वाटेनं गेली. एक-दोघं कंपनीत चिकटली. बाकीची फार्मसीतच आहेत, पण मदतनीस म्हणून. कुणी केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं बघतंय, कुणी गोदामात आहे. कष्टाचं काम आहे, त्यात कमीपणा कसला. पण त्यासाठी घरची जमीन मोडायची गरज नव्हती.

कन्सल्टन्सीवाल्याला व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठव: 'हा कोर्स पूर्ण केल्यावर मला जीपीएचसीची नोंदणी परीक्षा देता येईल का? हो किंवा नाही, लेखी कळवा.' उत्तरात 'मॅडम, एकदा ऑफिसला या, समजावून सांगतो' आलं, तर काय समजायचं ते तू समजशील. विद्यार्थी पाठवला की विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हा त्यांचा धंदा आहे. ओस्पॅपच्या जागाच थोड्या, त्यात त्यांना फारसा रस नसतो.

मी मुलांना कुठला देश हे आधी विचारतच नाही. या वाटेवर परीक्षा आधी येते की पैसा आधी जातो, एवढं विचारते. ज्यांच्या घरी गाठीला पैसा आहे त्यांनी पैसा आधी घातला तरी बिघडत नाही. तुमच्याकडं एका अवकाळी पावसानं वर्षाचं गणित फिरतं. तेव्हा घरात बसून परीक्षा देता येईल, पास झालीस तर पुढचा मोठा खर्च करायचा आणि नापास झालीस तर फक्त परीक्षेची फी जाईल, अशी वाट आधी धरायची. यूकेची वाट नेमकी उलटी आहे. फी, विमान, खोलीभाडं सगळं आधी, आणि निकाल दोन वर्षांनी.

परीक्षा आधी येते ती ऑस्ट्रेलियात. तिथली ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिल आधी तुझी कागदपत्रं बघून पात्र आहेस का ते सांगते. मग ओप्रा ही परीक्षा, आणि ती द्यायला तिकडं जावं लागत नाही. पूर्वी तिच्या जागी कॅप्स होती. २०२५ च्या मार्चपासून ओप्रा आली, त्यामुळं सीनियरांकडून कॅप्सच्या नोट्सचा गठ्ठा मिळाला तर हुरळून जाऊ नकोस. नव्या परीक्षेत रुग्णावरच्या उपचारांचा भाग सगळ्यांत मोठा आहे, नुसतं मेडिसिनल केमिस्ट्री घोकून भागत नाही. पास झाल्यावर तात्पुरती नोंदणी, मग १५७५ तासांचं देखरेखीखालचं काम, आणि शेवटी इंटर्नची लेखी आणि तोंडी परीक्षा. ते १५७५ तास पगारी असतात. अडचण एकच, तुला इंटर्न म्हणून घेणारी फार्मसी तुझी तूच शोधायची. शहरात ते अवघड जातं, आडगावात जायची तयारी असेल तर सोपं पडतं. तुझ्यासारख्या गावात वाढलेल्या मुलीला त्याचं भय वाटायचं कारण नाही.

कॅनडाचीही वाट बरीचशी अशीच, पण लांब. फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड, म्हणजे पेब्क, आधी कागद तपासतो, मग मूल्यमापन परीक्षा घेतो, मग दोन भागांची पात्रता परीक्षा. तिच्या दुसऱ्या भागात खोट्या पेशंटसमोर बसून बोलायचं असतं आणि तो कॅनडातच द्यावा लागतो. त्यानंतर ज्या प्रांतात काम करायचं तिथली नोंदणी आणि तिथल्या कायद्याची परीक्षा. क्युबेकचं तर सगळंच निराळं. शिवाय परवान्याची वाट एक आणि तिथं राहण्याच्या परवानगीची वाट दुसरी. दोन्ही समांतर चालतात आणि एकमेकींची वाट बघत नाहीत.

अमेरिका विसर. २००३ पासून पदवी घेतलेल्यांना तिथं पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपली बी.फार्म. चार वर्षांची. सहा वर्षांचं फार्म.डी. केलेल्यांना दार उघडं आहे, तुला नाही. हे माहीत असूनही त्या परीक्षेचे क्लास विकणारे आहेत, म्हणून लिहिलं. जर्मनीत जायचं तर आधी बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी बोलता-लिहिता येईल इतकं जर्मन, त्यावर फार्मसीच्या भाषेची सी-वन या त्याहून वरच्या पातळीची वेगळी परीक्षा, आणि त्यानंतर विषयज्ञानाची. भाषेची ओढ असेल तर जरूर बघ. इंग्रजीचीच धास्ती असताना तिसरी भाषा अंगावर घ्यावी असं मला वाटत नाही.

आता तुझ्या पत्रातल्या त्या ओळीकडं येते, जी तू सहज लिहून गेलीस. सर्टिफिकेट चुलतभावाच्या मेडिकलला लावलंय.

आपल्या जिल्ह्यात हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात गैर वाटत नाही. दुकानात दहावी शिकलेला पोरगा औषधं देतो, भिंतीवर फोटोसकट सर्टिफिकेट टांगलेलं असतं, आणि ज्या बाईचं ते सर्टिफिकेट ती त्या वेळी पंचवीस किलोमीटरवर दुसरीकडं ड्युटीवर असते. कायद्यानं प्रिस्क्रिप्शनचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायला हवं, तेव्हा हे सरळ बेकायदा आहे. ते तुलाही ठाऊक आहे. पण बाहेर जाताना ते कसं आडवं येतं ते बघ. बहुतेक देश तुझ्याकडून दोन गोष्टी मागतात. पहिली, अनुभवाचं पत्र. ते नुसतं वाचून ठेवत नाहीत, पडताळतात. आखाती देशांसाठी तर डेटाफ्लो नावाची कंपनी तुझ्या कॉलेजला, कौन्सिलला आणि मालकाला स्वतः विचारते. दुसरी, आपल्या फार्मसी कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे या व्यक्तीवर कुठलीही कारवाई झालेली नाही असा दाखला. आता अन्न व औषध प्रशासनाच्या कागदोपत्री तू तीन वर्षं गावातल्या दुकानात पूर्णवेळ उभी आहेस, आणि तुझं अनुभवपत्र म्हणतं की त्याच तीन वर्षांत तू सांगलीच्या हॉस्पिटलात होतीस. दोन्ही कागद एका टेबलावर आले की खोटं कुठलं हे शोधायला फार डोकं लागत नाही. त्या दुकानात उद्या एखादं चुकीचं औषध गेलं तर नोटीस तुझ्या नावानं निघेल, आणि गुड स्टँडिंगचा विषय तिथंच संपेल.

तेव्हा चुलतभावाला लेखी राजीनामा दे. त्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली कार्यालयात देऊन पोच घे, आणि सर्टिफिकेटची मूळ प्रत भिंतीवरून उतरवून घरी आण. भाऊबंदकीत थोडं वाजेल. 'चार महिने थांब, दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत' असं काकू म्हणतील. थांबू नकोस. महिन्याला चार हजारांवर तू सगळं भवितव्य टांगून ठेवलंयस.

पुढची गोष्ट नावाची. परदेशातल्या कार्यालयात आपली मुलं सगळ्यांत जास्त अडकतात ती इथं, आणि ही गोष्ट कुठलीही कन्सल्टन्सी आधी सांगत नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि तुझं व वडिलांचं नाव एकत्र. विद्यापीठाच्या कागदावर वरून आईचंही नाव. तिकडच्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. त्यात स्पेलिंग. समज, वडिलांचं नाव दत्तात्रय. दहावीला शेवटी 'वाय', कॉलेजात कुणीतरी 'वाय ए' केलं, पासपोर्टच्या फॉर्मवर एजंटनं 'ई वाय' टाकलं. इथं आपण हसून सोडून देतो. तिथं फाइल परत येते आणि फी पुन्हा भरावी लागते. दहावीच्या प्रमाणपत्रापासून कौन्सिलच्या सर्टिफिकेटपर्यंत सगळे कागद एका दुपारी जमिनीवर ओळीनं मांड आणि एकेक अक्षर लावून बघ. फरक बारीक असेल तर बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्र चालतं. मोठा असेल तर मूळ कागदच दुरुस्त करून घ्यावा लागतो, किंवा राजपत्रात नावबदलाची नोंद करावी लागते. दोन्हीला वेळ लागतो, म्हणून हे पहिलं काम.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, तुला कोल्हापूरला विद्यापीठात जावं लागेल. तुझ्या मागच्या बॅचच्या मैत्रिणींना हे सांग, की आपल्या भागातली अनेक फार्मसी कॉलेजं नंतर लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली. त्यांची धाव थेट रायगड जिल्ह्यात. आणि डी.फार्म. करून बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी डी.फार्म.चे कागदही तितकेच जपावेत. पदवीच्या गुणपत्रकांत पहिलं वर्ष दिसत नाही, आणि ते कुठं गेलं हे विचारलं जातंच. काही संस्था ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट पाठवलेलं मागतात. तेव्हा तिकडची मागणी आधी नीट वाच आणि मगच कोल्हापूरची एसटी पकड, नाहीतर दोन फेऱ्या होतात.

मामाचं बोलणं मात्र मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. व्हिजिट व्हिसाचा भाग सोडून. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे, आणि परवाना नसलेला फार्मासिस्ट ठेवून दुकानदार स्वतःचं दुकान धोक्यात घालणार नाही. पण आखातातल्या परवान्याची परीक्षा आणि डेटाफ्लोची पडताळणी हे दोन्ही तू इथं बसून करू शकतेस, म्हणजे इथंही परीक्षा आधी. मामाला एक विचार, काम शारजात बघणार की दुबईत? संयुक्त अरब अमिरातीत तीन वेगळे परवाने आहेत. दुबईसाठी दुबई हेल्थ अथॉरिटीचा, अबुधाबीसाठी तिथल्या आरोग्य विभागाचा, आणि शारजासकट बाकीच्या अमिरातींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा. एकावरून दुसऱ्यात जाता येतं, पण आपोआप नाही. सौदीचा विचार करत असशील तर तिथं फार्मसीच्या नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा सक्तीनं वाढवत चाललेत, तेवढं लक्षात ठेव.

आखातात कायमचं राहणं नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा. पण चार पैसे शिल्लक पडतात, इंग्रजी बोलायची सवय लागते आणि नोंदवहीत धरता येईल असा अनुभव जमतो. दोन-तीन वर्षं तिथं काढून त्या पैशावर ऑस्ट्रेलियाची इंटर्नशिप गाठणं, हा मार्ग मला वीस गुंठे विकण्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. एजंट मध्ये आलाच, तर त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. परवानाधारक एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दोन लाख मागणाऱ्याशी पुढं बोलूच नकोस.

आणि जाताना मामीनं मागवलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, किंवा कुणाच्या गुडघेदुखीच्या गोळ्या बॅगेत टाकू नकोस. कोडीन, ट्रामाडॉल हे तिथं नियंत्रित आहेत, आणि फार्मासिस्ट असून माहीत नव्हतं हे तिथल्या कस्टमवाल्याला सांगता येणार नाही.

कर्जाचं थोडक्यात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. म्हणूनच एकतर जमीन विकायची किंवा विनातारण पण चढ्या व्याजाचं फायनान्स कंपनीचं कर्ज काढायचं, असे दोनच पर्याय तुमच्यापुढं ठेवले गेले. ते व्याज तू शिकत असतानाही चढत असतं. पुढं कधी ओस्पॅप करायचं ठरवलंसच, तर हेही ध्यानात ठेव की फी आणि राहण्याच्या खर्चाची दाखवायची रक्कम व्हिसा अर्जाआधी सलग २८ दिवस खात्यावर असावी लागते. हातउसने घेऊन आठवडाभर दाखवलेले पैसे चालत नाहीत.

इंग्रजीबद्दल. जीपीएचसीला आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये चारही भागांत किमान ७ लागतात, तेही एकाच बैठकीत. मराठी माध्यमाची मुलं बोलण्याला घाबरतात आणि प्रत्यक्षात अडकतात लिहिण्यात. ओईटी नावाची आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची परीक्षाही चालते आणि तिचा फार्मसीचा वेगळा पेपर आहे. माझं मत विचारशील तर तू ओईटी दे. तिथं हवामानबदलावर निबंध लिहायचा नसतो, पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं, आणि बोलण्यात समोरचा पेशंट होतो, तू फार्मासिस्ट. ते तू रोज करतेसच, मराठीत.

करतेस ना? इथं थोडं खरं बोलते. आपल्याकडं माणूस काउंटरला येतो, 'जुलाबाची गोळी द्या' म्हणतो, आपण पट्टीतून चार गोळ्या कापून देतो आणि पुढच्याकडं वळतो. तिकडं पहिला प्रश्न, औषध कुणासाठी? मग त्रास काय, किती दिवस झाले, आतापर्यंत काय घेतलं, आणखी कुठली औषधं चालू आहेत? ब्रिटनमध्ये काउंटरवरच्या मदतनिसालासुद्धा हे पाच प्रश्न पाठ करून घेतात. वडिलांसाठी म्हणाला आणि ते पंच्याहत्तरीचे निघाले, लघवी जास्त होण्याची गोळी चालू निघाली, तर तू जुलाबाची गोळी द्यायची नसते, डॉक्टरकडं पाठवायचं असतं. परीक्षेत तेच विचारतात आणि पुढं नोकरीतही तेच काम आहे. सांगलीत उद्यापासून दिवसातल्या दहा पेशंटना हे प्रश्न मराठीत विचारायला लाग. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यातल्या दोघांचं बोलणं इंग्रजीत मोठ्यानं म्हण, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. औषधांची नावंही ब्रँडनं लक्षात ठेवायची सवय मोडायला हवी. पावतीवर ब्रँड असला तरी मनात जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नाव म्हण. इंग्रजीच्या निकालाची मुदत बहुधा दोन वर्षांची असते, म्हणून तयारी आत्ता सुरू कर, पण परीक्षेची तारीख ओप्रा नजरेच्या टप्प्यात आल्यावरच घे.

आईच्या मुद्द्याबद्दल मी फार बोलणार नाही, तो तुमच्या घरचा विषय आहे. दोन व्यवहारी गोष्टी तेवढ्या सांग तिला. २०२४ च्या जानेवारीपासून यूकेत संशोधनाचे सोडून बहुतेक कोर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत नेता येत नाही. म्हणजे कन्सल्टन्सीच्या योजनेत 'लग्न करून जा' हे बसतच नव्हतं. आणि लग्न कधीही केलंस तरी पासपोर्टवरचं नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही. सगळी कागदपत्रं माहेरच्या नावानं गेली असतील, तर नोंदणी पूर्ण होईपर्यंत तेच नाव राहू दे. सासरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

नोकरी सोडू नकोस. घरी बसलीस तर पहिले पंधरा दिवस अभ्यास होईल, मग द्राक्षाचा हंगाम येईल, मग पाहुणे येतील, मग स्थळं येतील. शिवाय मध्ये खंड पडला की अर्जात त्याचं कारण द्यावं लागतं. पगार रोखीत मिळत असेल तर आत्तापासून बँकेत मागून घे, आणि हॉस्पिटलकडून नेमणुकीचं पत्र आजवर घेतलं नसशील तर आता घे. त्यावर हुद्दा 'फार्मासिस्ट' असा स्पष्ट हवा. 'स्टाफ' किंवा 'मेडिकल असिस्टंट' असं लिहिलेली पत्रं माझ्याकडं घेऊन येणारी मुलं आहेत, आणि तोवर मालक बदललेला असतो. सकाळच्या शिफ्टची मागणी कर, म्हणजे दुपारनंतर सलग तीन तास हाताशी राहतील. आणि कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण कुठपर्यंत आहे ते आज रात्रीच काढून बघ, कारण मुदत संपलेल्या नोंदणीवर गुड स्टँडिंग मिळत नाही.